पिक्सार की ड्रीमवर्क्स? आधी आवाज बंद करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पिक्सारचे चित्रपट मनाला भिडतात आणि ड्रीमवर्क्सचे नुसते हसवतात असं सगळे म्हणतात, ते खरं का? ड्रीमवर्क्स पिक्सारची नक्कल करते का? आणि तुम्ही स्वतः कॅरेक्टर अ‍ॅनिमेशन शिकताय, तर कोणाच्या वळणावर हात बसवावा?

मी वीसेक वर्षं पात्रं हलवण्याचंच काम करतो. या दोन्ही कंपन्यांत कधी नव्हतो, पण त्यांचे शॉट फ्रेम-फ्रेम पुढेमागे करून बघण्यात आयुष्याचा बराच भाग गेलाय. त्या जोरावर सांगतो, 'भावना इकडे, विनोद तिकडे' ही वाटणी फसवी आहे. फरक आहे, पण तो पात्र बोलायचं थांबल्यावर दिसतो. गप्प बसलेल्या पात्राला पडद्यावर किती वेळ द्यायची हिंमत आहे, यावर मी चित्रपटांचं डावं-उजवं ठरवतो. ही कसोटी लावली की स्टुडिओंच्या पाट्या गळून पडतात आणि दिग्दर्शकांची नावं उरतात.

पण गोष्ट सुरू होते ती एका भांडणापासून, किंवा भांडणाच्याही आधीपासून.

१९ नोव्हेंबर १९९३. पिक्सारने 'टॉय स्टोरी'ची स्टोरी रील डिस्नीला दाखवली. स्टोरी रील म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं ओळीने लावून, कच्चे आवाज भरून केलेला चित्रपटाचा सांगाडा. त्या सांगाड्यातला वुडी, म्हणजे नायक असलेलं खेळणं, कुजका होता. बाकीच्या खेळण्यांवर डाफरायचा, टोमणे मारायचा, बझ या नव्या खेळण्याला मुद्दाम खिडकीतून ढकलायचा. बघणाऱ्यांना तो सहन होईना आणि डिस्नीने काम थांबवलं. गंमत अशी की वुडीला ही धार आणा, असा आग्रह डिस्नीचाच होता. तिथल्या चित्रपट विभागाचे तेव्हाचे प्रमुख जेफ्री कॅट्झेनबर्ग यांचा. पिक्सारच्या मंडळींनी कथा पुन्हा लिहून काढली, वुडीला माणसात आणलं, १९९४च्या सुरुवातीला काम परत रुळावर आलं आणि नोव्हेंबर १९९५मध्ये संपूर्णपणे संगणकावर केलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट लोकांनी बघितला.

दरम्यान १९९४मध्ये कॅट्झेनबर्ग डिस्नीतून बाहेर पडले आणि स्टीव्हन स्पीलबर्ग, डेव्हिड गेफन यांच्याबरोबर त्यांनी ड्रीमवर्क्स काढली. सात वर्षांनी, २००१मध्ये, 'श्रेक' आला. त्याच्या अंगात काय होतं? तीच धार! टोमणे, फटकळपणा, परीकथांची यथेच्छ टिंगल. जी चव वुडीला मारक ठरली तीच श्रेकला तारक ठरली, आणि याचं कारण कोणत्याही स्टुडिओच्या 'शैली'त नाही, पात्राच्या जागेत आहे. वुडी त्या खोलीचा राजा आहे. राजा टोमणे मारायला लागला की तो दुष्ट दिसतो. श्रेक हा राक्षस दलदलीत एकटा राहतो, लोक मशाली घेऊन त्याच्या मागे लागतात. त्याने टोमणा मारला की ती ढाल वाटते. हे एवढं कळलं तरी 'पिक्सार हळवी, ड्रीमवर्क्स उद्धट' या वाक्यातली हवा निघून जाते. त्या वर्षीच्या चित्रपटांसाठी उत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर पहिल्यांदाच दिलं गेलं आणि ते 'श्रेक'ने पिक्सारच्या 'मॉन्स्टर्स, इंक.'च्या हातून नेलं. मला विचाराल तर तेव्हा निकाल चुकला होता, कारण 'मॉन्स्टर्स, इंक.'चा शेवटचा शॉट. सली दार उघडतो, आपल्याला फक्त त्याचा चेहरा दिसतो, मुलगी दिसतच नाही. पण ते असो.

नक्कल केली का, याचं उत्तर देताना लोक मुंग्या बाहेर काढतात. ऑक्टोबर १९९८मध्ये ड्रीमवर्क्सचा 'अँट्झ', नोव्हेंबरात पिक्सारचा 'अ बग्ज लाइफ'. दोन्हींत जगावेगळी मुंगी, दोन्हींत राजकन्या, दोन्हींत वारुळावरचं संकट. आपण ही कल्पना कॅट्झेनबर्ग यांच्यापाशी बोललो होतो, असं पिक्सारच्या जॉन लॅसेटर यांचं म्हणणं. कॅट्झेनबर्ग यांनी चोरीचा आरोप फेटाळला. 'अँट्झ' आधी १९९९च्या मार्चमध्ये यायचा होता, तो अलीकडे ओढला, एवढं मात्र सगळ्यांसमोर घडलं. धंद्यात पिक्सार जिंकली. जगभरात 'अँट्झ'ने साधारण १७ कोटी डॉलर कमावले, 'अ बग्ज लाइफ'ने ३६ कोटी.

मला स्वतःला त्या भांडणापेक्षा मुंग्यांचे पाय जास्त महत्त्वाचे वाटतात. 'अँट्झ'मधल्या मुंग्यांना हात-पाय मिळून सहा अवयव आहेत. पिक्सारने आपल्या मुंग्यांचे दोन काढून टाकले आणि चारच ठेवले. मात्र खलनायक असलेल्या टोळांना सहाच्या सहा ठेवले. जो कोणी एकदा रिग, म्हणजे पात्र हलवण्यासाठी त्याच्या आत बांधलेला सांगाडा, हातात घेऊन बसलाय त्याला हे लगेच कळेल. मधल्या दोन अवयवांचं करायचं काय, हा प्रश्न प्रत्येक शॉटमध्ये येतो. नुसते लटकत ठेवले तर मेलेले दिसतात, हलवले तर नजर तिकडे जाते आणि चेहरा वाया जातो. चार अवयवांचं पात्र बघणाऱ्याला आपल्यातलं वाटतं, सहांचं किडा वाटतं. म्हणून नायकाला चार आणि ज्याची भीती वाटावी त्याला सहा. पिक्सारने अ‍ॅनिमेटरचं काम सोपं केलं आणि त्याच फटक्यात कथाही सांगितली. 'अँट्झ'ने उलट चेहऱ्यांवर भर दिला. पॅसिफिक डेटा इमेजेस या जोडीदार कंपनीने चेहऱ्याच्या त्वचेखालचे स्नायू कल्पून भाव घडवण्याची पद्धत तयार केली होती. तिच्या बळावर झी या मुंगीच्या तोंडावर तिला आवाज देणारे नट वुडी अ‍ॅलन यांची अख्खी कुरकुर उतरली. ते काम आजही बघण्यासारखं आहे.

इथे दोन्ही घरांच्या वाटा खरोखर वेगळ्या झाल्या. ड्रीमवर्क्सने पात्र बांधलं ते आवाजापासून. मोठा नट घ्यायचा, त्याची लकब, त्याच्या बोलण्याचा ठेका, कधी कधी त्याचा चेहरासुद्धा पात्रात उतरवायचा. 'श्रेक'चा आवाज आधी ख्रिस फार्ली यांनी बराचसा ध्वनिमुद्रित केला होता. १९९७च्या डिसेंबरात ते वारले. मग माइक मायर्स आले, त्यांनी काम केलं आणि नंतर स्कॉटिश हेलात पुन्हा केलं. आवाज बदलला की ओठ बदलतात हे झालंच. पण ठेका बदलला की पोझ कुठे बदलायची तेही बदलतं. म्हणजे झालेलं काम उचकटून परत.

संवादाच्या शॉटमध्ये अ‍ॅनिमेटरला अर्धं काम आयतं मिळतं. नटाने कुठल्या शब्दावर जोर दिला, कुठे श्वास घेतला, कुठे अडखळला, हे सगळं कानात आहे. त्या जोरावर पोझ लावत जायचं. त्यातूनच ती प्रसिद्ध पोस्टरवरची मुद्रा आली: एक भुवई वर, ओठाचा एक कोपरा वर. तिची लोकांनी एवढी थट्टा केली की तिला ड्रीमवर्क्सचंच नाव पडलं. ती मुद्रा वाईट नाही. चेहरा दोन्ही बाजूंना सारखा नसला की एका फ्रेममध्ये ऐट दिसते. पण ती पूर्ण झालेली मुद्रा आहे, तिच्यातून पुढे कुठे जाता येत नाही. भुवई वर गेली, आता पुढे? खालीच येणार.

मासे घ्या. २००३ला पिक्सारचा 'फाइंडिंग नीमो', २००४ला ड्रीमवर्क्सचा 'शार्क टेल'. 'शार्क टेल'मधले मासे उभे राहतात, पंखांनी हातवारे करतात आणि त्यांची तोंडं आवाज देणाऱ्या नटांवर बेतलेली आहेत. 'नीमो'मधले मासे मासेच राहतात. हात नाहीत, खांदे नाहीत, मान नाही; घाबरणं, रुसणं, लपणं सगळं डोळे, पोहण्याचा वेग आणि अंगाचा कोन यांतून. ही अडचण त्यांनी स्वतःहून ओढवून घेतली होती आणि तिनेच अभिनय चांगला झाला. नीमोचा एक पंख लहान आहे, हे कोणी बोलायच्या आधी त्याच्या पोहण्यात दिसतं.

माझी आवाज बंद करायची सवय कुठून आली तेही सांगून टाकतो. सुरुवातीच्या दिवसांत एका स्टुडिओत मला शॉट मिळाला होता: एक म्हातारा पत्र वाचतो. सात सेकंद. मी त्यात काय काय घातलं! मान हलवली, डोकं खाजवलं, उसासा टाकला, पत्र खाली, पत्र वर. डेलीजला, म्हणजे रोजच्या शॉट तपासणीला, आमच्या पर्यवेक्षकांनी आवाज बंद करून शॉट तीनदा चालवला आणि विचारलं, "याने पत्र वाचलं कधी?" खरंच, त्याची नजर ओळींवरून एकदाही फिरली नव्हती. संगीत आणि उसाशाच्या आवाजाने ते झाकलं जात होतं. सगळं पुसलं, नुसती नजर ठेवली आणि शेवटी एक थांबा. शॉट पास झाला.

तर या कसोटीवर पिक्सार पुढे आहे का? २०१०पर्यंत मी न अडखळता 'हो' म्हटलं असतं. 'वॉल-ई'चा पहिला मोठा भाग जवळजवळ बिनसंवादाचा आहे, आणि त्या यंत्राला भुवया नाहीत, तोंड नाही, कोपरसुद्धा नाही. दुर्बिणीसारखे दोन डोळे आणि त्यांचा एकमेकांशी कोन, एवढ्यावर अख्खं पात्र उभं आहे. 'अप'च्या सुरुवातीला कार्ल आणि एलीचा संसार चारेक मिनिटांत एकाही संवादाविना उलगडतो. कार्ल चौकोनी, त्याची खुर्ची चौकोनी. एली गोलसर, तिची खुर्चीही. ती गेल्यावर उरलेली खुर्ची बघितली की कोणी काही बोलायची गरजच राहत नाही.

मग मार्च २०१०मध्ये ड्रीमवर्क्सचा 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन' आला आणि मला माझं मत गुंडाळून ठेवावं लागलं. हिकप आणि टूथलेस यांची मैत्री होते तो प्रसंग बघा. मुलगा काठीने जमिनीवर ड्रॅगनचं चित्र काढतो. ड्रॅगन बघतो, जातो, तोंडात एक झाड धरून येतो आणि वेड्यावाकड्या रेषा ओढतो. मुलाचा पाय चुकून रेषेवर पडतो, ड्रॅगन गुरगुरतो. पाय उचलला, गुरगुर बंद. परत पाय ठेवला, परत गुरगुर. मग मुलगा रेषा चुकवत, गिरक्या घेत जातो आणि नकळत त्याच्या समोर येऊन उभा राहतो. एक शब्द नाही. जॉन पॉवेल यांचं संगीत आहे, पण तेही बंद करून बघा, प्रसंग तसूभरही हलत नाही. हे करणारे दिग्दर्शक ख्रिस सँडर्स आणि डीन डेब्लॉय. दोघंही डिस्नीतून आलेले, दोघंही या चित्रपटावर उशिरा आलेले. म्हणजे 'ड्रीमवर्क्सची शैली' ज्याला म्हणायचं ती इथे दोन माणसं बदलल्यावर बदलली. आणि उलटी ये-जाही झाली आहे. ड्रीमवर्क्सच्या 'द प्रिन्स ऑफ इजिप्त'च्या एक दिग्दर्शक ब्रेंडा चॅपमन पुढे पिक्सारमध्ये गेल्या, 'ब्रेव्ह'ची कथा त्यांनी उभी केली आणि मध्यावर त्यांच्या हातून तो काढून मार्क अँड्र्यूज यांना दिला गेला.

हा मुद्दा पिक्सारच्या भक्तांना आवडत नाही, पण तिथेही सगळं गोडीगुलाबीने चालतं असं नाही. 'रॅटटूई', 'ब्रेव्ह', 'द गुड डायनासोर' या तिन्हींचे दिग्दर्शक अर्ध्यावर बदलले. 'टॉय स्टोरी २' तर एकदा चुकीच्या आज्ञेने संगणकावरून बराचसा पुसला गेला. घरून काम करणाऱ्या एका सहकारी बाईंच्या संगणकावर प्रत होती म्हणून वाचला. आणि वाचवलेला तो चित्रपट पुढे बऱ्याच अंशी टाकून देऊन सुमारे नऊ महिन्यांत पुन्हा केला गेला. चित्रपट उत्तम झाला, पण ते करताना कित्येकांच्या मनगटांची वाट लागली. आमच्या धंद्यात लोक ही गोष्ट पराक्रम म्हणून सांगतात. मी तशी सांगत नाही.

२०१० हे वर्ष तुलनेसाठी सोन्यासारखं आहे, कारण तिसरा भिडूही त्याच वर्षी उतरला. 'टॉय स्टोरी ३'चा खर्च २० कोटी डॉलर, 'ड्रॅगन'चा साडेसोळा कोटींच्या आसपास आणि इल्युमिनेशनच्या 'डेस्पिकेबल मी'चा ६.९ कोटी. इल्युमिनेशनचे ख्रिस मेलेडँड्री आधी फॉक्समध्ये होते, तिथे ब्ल्यू स्कायचा 'आइस एज' त्यांच्या देखरेखीखाली झाला होता. त्यांनी पैसे कुठे वाचवले हे बघायचं असेल तर मिनियनकडे बघा. गोळीच्या आकाराचं अंग, डोक्यावर चार केस, डोळ्यांवर चष्मा, एकसारखे कपडे. एक रिग केला की शेकडो मिनियन. भाषा धड कुठलीच नाही, त्यामुळे जगात कुठेही चालतात. काटकसर अ‍ॅनिमेशनमध्ये नाही, आराखड्यात आहे. मिनियनच्या हालचालीचं टायमिंग जुन्या मूकपटांतल्या विनोदवीरांच्या तोडीचं आहे. कथा म्हणाल तर मला त्यांच्या चित्रपटांत पाट्या टाकल्यासारखं वाटतं, पण २०१५चा 'मिनियन्स' ७.४ कोटी डॉलरमध्ये करून शंभर कोटींच्या वर कमावतो तेव्हा माझ्या मताला विचारतो कोण!

तंत्राबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथली स्पर्धा बाहेरून वाटते तेवढी कडवी नाही. पिक्सारचं स्वतःचं अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअर प्रेस्टो, ड्रीमवर्क्सचं प्रीमो. रेंडरिंगला, म्हणजे संगणकाकडून अंतिम चित्र काढून घ्यायला, तिकडे रेंडरमॅन, इकडे मूनरे. पण ड्रीमवर्क्सने २०१२मध्ये खुलं केलेलं ओपनव्हीडीबी आज धूर, ढग, आग करणारे सगळेच वापरतात, आणि पिक्सारने २०१६मध्ये खुलं केलेलं यूएसडी दृश्याची मांडणी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायला सगळीकडे चालतं. मूनरेही २०२३मध्ये खुलं झालं. पडद्यावर वैरी, कोठारात एकमेकांच्या विटा.

दिसण्याच्या बाबतीत मात्र गेल्या काही वर्षांत पिक्सार मागे पडली असं माझं स्पष्ट मत आहे. २०१८मध्ये सोनीच्या 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स'ने दार उघडलं. छापील चित्रकथेसारखे ठिपके, रेषा, आणि मोशन ब्लर, म्हणजे वेगात दिसणारा धूसरपणा, काढून टाकलेला. त्यातली सगळ्यात हुशार गोष्ट टायमिंगमधली आहे. सेकंदाला २४ फ्रेम असतात. दर फ्रेमला नवी पोझ दिली तर हालचाल गुळगुळीत होते, एक पोझ दोन फ्रेम धरली तर किंचित तुटक. जंगलातल्या प्रसंगात अनुभवी पीटर दर फ्रेमला हलतो आणि नवखा माइल्स दोन-दोन फ्रेमला. दोघं एकाच चौकटीत झोके घेतात आणि कोणाला येतं, कोणाला येत नाही, ते डोळ्यांना आपोआप कळतं. ड्रीमवर्क्सने हा धडा पटकन उचलला. २०२२च्या 'पुस इन बूट्स: द लास्ट विश'मध्ये मारामारी सुरू झाली की रंग ब्रशने मारल्यासारखे होतात, हालचाल तुटक होते, शांत प्रसंगात सगळं परत मऊ. लांडगा, म्हणजे या कथेतला मृत्यू, पहिल्यांदा समोर येतो तेव्हा तो जवळजवळ हलतच नाही, फक्त शीळ. ज्या स्टुडिओला लोक बडबडा म्हणत होते त्याने मृत्यू इतका शांत उभा केला. पुढे २०२४चा 'द वाइल्ड रोबॉट', परत सँडर्स, आणि परत न बोलता सांगितलेले लांबच लांब तुकडे. पिक्सारनेही हात-पाय हलवले, नाही असं नाही. 'टर्निंग रेड'मधले मोठाले डोळे आणि क्षणात बदलणारे चेहरे ताजे आहेत. पण 'इनसाइड आउट २'ने २०२४मध्ये १६० कोटी डॉलरच्या वर धंदा केल्यावर तिथे धाडसाची घाई कोणाला असेल असं मला वाटत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कोणाचं वळण धरू? कोणाचंच नको. दोन प्रसंग घ्या: 'अप'मधला संसार आणि 'ड्रॅगन'मधला रेषांचा. आवाज बंद. पहिल्यांदा नुसतं बघा. दुसऱ्यांदा पात्राची नजर कधी हलते तेवढंच बघा. जवळजवळ प्रत्येक वेळी नजर आधी जाते, मान नंतर, अंग त्याच्याही नंतर, आणि जिथे हा क्रम मोडलाय तिथे का मोडलाय ते शोधा. तिसऱ्यांदा थांबे मोजा. हिकप तोंड फिरवून हात पुढे करतो, तेव्हापासून टूथलेसचं नाक तळव्याला लागेपर्यंत किती फ्रेम जातात, ते वहीत लिहा. मग स्वतःचा दहा सेकंदांचा शॉट करा, एक पात्र, एक वस्तू, संवाद अजिबात नाही. लिपसिंक, म्हणजे आवाजाला ओठ जुळवणं, नंतर शिका. ते दोन आठवड्यांचं काम आहे.